काचेवर न उमटलेले वल्हेकरी

वर्ध्याच्या आमच्या उर्दू शाळेत सहावीला बंदरांचा विषय निघाला की आम्ही एक छायाचित्र वर्गात नेतो. ते आम्हीच काढलेले आहे. रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात राजपुरी म्हणून गाव आहे, तिथल्या बंदराचे. पुढे एक लांब होडी आहे. चार जण वल्ही मारत आहेत, पाचवा मागे सुकाणू धरून उभा आहे. त्यांच्या पलीकडे मासेमारीच्या नौका एकमेकींना खेटून उभ्या, धक्क्यावर जाळी पसरलेली, आणि या सगळ्यामागे डोंगरांची रांग. आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पुलगावच्या पुलाखालची वर्धा नदी आणि बोर धरणाचे पाणी, एवढीच त्यांची ओळख. त्यामुळे ती चित्राकडे बराच वेळ बघत राहतात. मग कोणीतरी विचारते, "सर, पानी कितना गहरा होता है?" आणि त्याच्या मागोमाग दरवर्षी ठरलेला दुसरा प्रश्न येतो, "ये लोग कौन हैं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चटकन देऊन टाकतो. दुसऱ्याने मात्र आम्हाला बरीच वर्षे छळले आहे. त्याचा माग काढता काढता आम्ही मुंबई बंदराच्या, छायाचित्रकलेच्या आणि खुद्द आमच्या जिल्ह्यातल्या कापसाच्या तवारिखेत जाऊन पोचलो. त्यातले जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

विदर्भातला उर्दू माध्यमाचा शिक्षक कोकणात कसा गेला, हे आमच्या व्यवसायातल्या वाचकांना सांगायला नको. बी.एड. झाले, गावाकडे जागा नव्हती, आणि कोकण किनाऱ्यावरच्या एका उर्दू शाळेला शिक्षक हवा होता. सात वर्षे तिथे काढली. घरी कोकणी बोलणारी, शाळेत उर्दू शिकणारी, बाजारात मराठी बोलणारी मुले आमच्या हाताखाली होती. त्यांचे बाप, चाचा, मामू मासेमारीला जात, नाहीतर राजपुरीहून जंजिरा किल्ल्यावर पर्यटकांना ने-आण करणाऱ्या होड्यांवर असत. पहिल्या वर्षीच हप्त्याने एक कॅमेरा घेतला. रविवारी सकाळी काय करायचे हा प्रश्न त्याने सोडवला.

बंदरावर वल्हेकऱ्यांचे छायाचित्र घेणे किती अवघड असते, ते तिथे कळले. किल्ल्याच्या बाजूने किनाऱ्याकडे तोंड केले की होडी पुढे आणि डोंगर मागे अशी चौकट मिळते. पण डोंगर पूर्वेला. सकाळी सूर्य त्यांच्याच मागून वर येतो, म्हणजे सगळा उजेड आपल्या डोळ्यांवर आणि वल्हेकऱ्यांच्या पाठीवर. चेहरे काळे पडतात, माणसांच्या नुसत्या आकृत्या उरतात. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येते, चेहरे उजळतात, डोंगराची घडी न् घडी दिसते. पण तोवर खारा वारा सुटलेला असतो. वारा सुटला की शीड चढते आणि वल्ही आत घेतली जातात. मतलई वारे आणि खारे वारे आम्ही भूगोलात पाठ केले होते, शिकवलेही होते. त्यांचा खरा अर्थ तिथे समजला. वल्ही चालतात तेव्हा उजेड नसतो आणि उजेड असतो तेव्हा वल्ही चालत नाहीत. आमचे छायाचित्र डिसेंबरातल्या एका दुपारी मिळाले. त्या दिवशी वारा उशिरापर्यंत पडलेलाच होता.

किनाऱ्यावर राहून आम्हाला आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे शब्द. नाखवा हा शब्द मराठी माणूस कोळीगीतांतून ऐकत आला आहे. तो फारसीतला नाखुदा. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. होडीचा धनी तो नाखुदा. खलाशी अरबीतून आला. सारंग हा फारसी सरहंग. सुकाणू अरबी सुक्कानवरून. बंदर फारसी. मोसम अरबी, आणि इंग्रजांचा मान्सूनही त्याच मोसमचा भाऊबंद. खुद्द जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, बेट. हिंदू कोळी आणि मुसलमान दालदी दोघेही हेच शब्द वापरतात, कोणाला ते परके वाटत नाहीत. सगळ्यांत गंमत वाटली ती मालिम या शब्दाची. जुन्या गलबतांवर वाट दाखवणारा, ताऱ्यांवरून दिशा ठरवणारा जो जाणकार असे, त्याला मालिम किंवा मालम म्हणत. हा मूळचा अरबी मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. आमच्या हुद्द्याचा माणूस गलबतावर पूर्वीपासून होता तर! हे कळल्यावर आम्ही आठवडाभर वर्गात जरा ताठ मानेने वावरलो.

पण शब्दांत इतका ठळक असलेला हा माणूस चित्रांत कुठे आहे? आम्ही शोधू लागलो.

मुंबई बंदराची भूमिती राजपुरीसारखीच आहे, आकाराने फार मोठी एवढाच फरक. बेटावर उभे राहून पूर्वेला पाहिले तर मधे पाणी, पाण्यावर गलबते, आणि पलीकडे डोंगर: स्वच्छ हवेत कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, माथेरानचे पठार. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा तो हाच. त्याने मुंबई बेटाची आणि परिसराची बारा दृश्ये रेखाटली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली लंडनला प्रसिद्ध झाली. चित्रकाराला उजेडाची अडचण नसते. होडी हवी तिथे ठेवता येते, डोंगर हवा तेवढा निळा करता येतो, वल्ही वर उचललेल्या अवस्थेत थांबवता येतात. म्हणून कुंचल्याच्या जमान्यात बंदराच्या चित्रात वल्हेकरी दिसतात; बोटाएवढे, चेहऱ्याविना, पण दिसतात.

मग कॅमेरा आला. बंद अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा प्रकाश समोरच्या भिंतीवर बाहेरचे दृश्य उलटे उमटवतो, याचा अभ्यास अकराव्या शतकात इब्न अल-हैसमने केला होता. ते उमटलेले दृश्य टिकवून धरायला युरोपात १८३९ साल उजाडले. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. उत्तरेत लखनौला दरोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये आपल्या शहराच्या दृश्यांचा संग्रह काढला. म्हणजे हे हुनर फक्त साहेबांच्या हाती होते असे नाही. तरीही बंदरावर वल्ही मारणारा माणूस त्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांच्या छायाचित्रांत जवळजवळ नाही.

याचे कारण आम्ही आधी माणसांच्या मनात शोधत होतो. गरीब खलाशाकडे कोण बघणार, असा सरळ हिशेब. ते कारण खोटे नाही, पण त्याच्या आधीचे एक कारण काचेत होते.

त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. कोलोडियन नावाचा चिकट द्राव काचेवर ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकण्याआधी अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकले पाहिजे. मुंबईच्या उन्हात त्याहूनही कमी. आणि मोठ्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. लहान काचांवर एका क्षणात चित्र घेण्याचे प्रयोग १८६० च्या आसपास युरोपात यशस्वी झाले, पण मोठ्या, मानाच्या दृश्यांना हे सेकंद द्यावेच लागत. या काही सेकंदांत जे स्थिर राहील ते उमटेल, जे हलेल ते धुरकट होईल, आणि जे फार हलेल ते मुळीच राहणार नाही. धक्क्याचे दगड उमटले. नांगरलेल्या जहाजांचे बुंधे उमटले, डोलकाठ्या थोड्या थरथरल्या. लाटांचे दूध झाले. आणि वल्ही मारणारा माणूस, जो या सगळ्या दृश्यात एकटाच काम करत होता, तो पाण्याच्या त्या दुधात विरघळून गेला. बसून राहिलेला मालक चित्रात आला. त्याच होडीतला वल्हेकरी आला नाही.

डोंगरांचेही तेच झाले, वेगळ्या कारणाने. ती काच सगळ्या रंगांना सारखी दाद देत नसे. निळ्या उजेडाला ती फार लवकर बळी पडे. पिवळ्या, लाल, हिरव्याला जवळजवळ आंधळी. दूरच्या डोंगरावर हवेचा निळसर पडदा असतो, आकाश तर निळेच. त्यामुळे आकाश आणि डोंगर दोन्ही सारखेच पांढरे पडत आणि मधली रेघ पुसली जाई. मुंबईच्या जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी स्पष्ट दिसणारा कर्नाळ्याचा सुळका त्याच्याच छायाचित्रात हरवून जाई. बंदर, डोंगर आणि वल्हेकरी असे चित्र ज्याला हवे होते, त्याला त्या काळात नुसते बंदर मिळत होते.

यावर उपाय निघाला तो चलाखीचा. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी प्रसिद्ध छायाचित्रे काढली, त्यांतल्या काहींत समुद्र एका काचेवरचा आणि आकाश दुसऱ्या काचेवरचे आहे. दोन्ही एका कागदावर जुळवून छापलेले. मुंबईत विल्यम जॉन्सनने हीच युक्ती माणसांवर केली. हा जॉन्सन मुंबईच्या सरकारी नोकरीतला, फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी. विल्यम हेंडरसनच्या जोडीने त्याने १८५६ ते १८५८ दर महिन्याला छायाचित्रांचा एक अंक काढला. प्रत्येक अंकात खरी छापील छायाचित्रे चिकटवलेली असत. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींवरचे त्याचे दोन खंड लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांत माणसे आहेत आणि त्यांच्या मागे मुंबईतली खरी ठिकाणेही आहेत. पण ती माणसे त्या ठिकाणी उभी नव्हती. त्यांना वेगळीकडे शांत उभे करून टिपले, जागेचे छायाचित्र वेगळे घेतले, आणि मग दोन्ही एकत्र छापले. बारकाईने पाहिले तर पावलांखालची सावली जमिनीला नीट लागत नाही.

खालची ओळ पाहावी तर माणसाचे नाव नाही. जात, जमात, धंदा. पुढे १८६८ पासून सरकारने आठ खंडांत 'पीपल ऑफ इंडिया' काढले, त्यात तर हे कारखान्यासारखे झाले. इथे आम्हाला स्कॉटलंडमधल्या न्यूहेवन या कोळीवाड्याची आठवण येते. तिथे हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने १८४३ नंतरच्या चार वर्षांत मासेमारी करणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचीही काच, खरे तर कागद, मंदच होता. चालती होडी त्यांनाही मिळाली नाही. म्हणून त्यांनी ओढून ठेवलेल्या होडीला टेकून माणसे बसवली. पण त्यांतल्या कित्येकांची नावे नोंदली गेली. जेम्स लिंटन नावाचा कोळी त्याच्या होडीपाशी, पोरांसोबत बसला आहे, हे आज दीडशेहून अधिक वर्षांनी आम्हाला वर्ध्यात बसून सांगता येते. मुंबईच्या धक्क्यावरच्या एकाही तांडेलाबद्दल तसे सांगता येत नाही. दोन्हीकडे काच सारखीच मंद होती. नाव विचारायला काचेची अडचण नव्हती.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. वाचक म्हणतील, वर्ध्याचा आणि या वल्हेकऱ्यांचा काय संबंध? फार जवळचा आहे.

हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई. देशी कापसात त्याचा धागा चांगला मानला जाई. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ मध्ये, वर्धा शहर वसवायला घेतले ते १८६६ मध्ये, आणि मुंबईहून नागपूरपर्यंतची रेल्वे पुरी झाली ती १८६७ मध्ये. पाच वर्षांत हे सगळे घडले. त्यात कापसाचा वाटा किती हे वेगळे सांगायला नको. त्याआधी हा कापूस बैलगाड्यांवर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जाई. रेल्वेने तो थेट मुंबईला पोचू लागला.

पण मुंबईला पोचलेली गाठ जहाजात कशी चढत होती? आमच्या पुस्तकांत शेतकरी आहे, व्यापारी आहे, रेल्वे आहे, लँकेशायरची गिरणी आहे. मधला एक दुवा गाळलेला आहे. तेव्हा मुंबईला गोदी नव्हती. ससून गोदी १८७५ ची, बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातल्या अब्दुल्ला डेव्हिड ससूनने बांधलेली. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. त्याआधी मोठी जहाजे धक्क्याला लागत नसत. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. कुलाब्याच्या मैदानावर गाठींचे ढीग लागत, तिथून त्या दाबून, बांधून धक्क्यावर येत, आणि धक्क्यावरून होड्यांत भरून, शीड आणि वल्ह्यांच्या जोरावर जहाजापर्यंत नेल्या जात. या होड्यांना इंग्रज बंदर बोट म्हणत. म्हणजे १८६७ ते १८८० या काळात सेलू, देवळी, हिंगणघाटच्या शेतात वेचलेला कापूस विलायतेला जाण्याआधी शेवटचा स्पर्श ज्याच्या हाताचा घेत होता, तो कोकण किनाऱ्यावरून आलेला कोळी, खारवी, भंडारी नाहीतर कोकणी मुसलमान होता. कुलाब्याच्या कापूस मैदानाची जुनी छायाचित्रे आहेत. गाठी हलत नाहीत. त्या अगदी सुरेख उमटल्या आहेत.

हे लक्षात आल्यापासून आम्ही वर्गात चित्र दाखवताना सांगतो, "तुम्हारे परदादा का कपास इन्हीं के हाथों से गया." आमच्या मुलांतली निम्मी घरे आजही कापूस वेचायला जातात. मग ती चित्राकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

नाव उरले ते कोणाचे? मुंबईच्या नाखुदा मोहल्ल्याने एक हुद्दा जपून ठेवला आहे. मुहम्मद अली रोघे या कोकणी मुसलमान जहाजमालकाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. जमशेटजी जीजीभाईंच्या पेढीत ते भागीदार होते, आणि मुंबईच्या जामा मशिदीच्या बांधकामाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. आमच्या समाजाने रोघ्यांचा अभिमान बाळगावा, आम्हीही बाळगतो. जंजिऱ्याच्या नवाबांची, नाझली बेगमची छायाचित्रे आहेत. तीही आम्ही कौतुकाने पाहिली. तक्रार एवढीच, की समाजाच्या इतिहासाची पाने लिहिताना आपले लेखकसुद्धा नाखुदापाशी थांबतात. जंजिऱ्याच्या राजवाड्यात कोणकोण पाहुणे आले याची यादी आम्ही आवडीने करतो. बेटावरचा किल्ला शेकडो वर्षे धान्याला, जळणाला, माणसांच्या ये-जा करण्याला होडीवर अवलंबून होता, तरी त्या होडीवरच्या माणसाबद्दल आमच्याकडे चार ओळी नाहीत. साहेबाच्या काचेला दोष देताना हे आपलेही लक्षात असावे.

पुढे काच बदलली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या काचेची कृती मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. सेकंदाच्या लहानशा भागात चित्र उमटू लागले. हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखवून दिले की काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा-पिवळाही दिसतो. हरवलेला डोंगर हळूहळू परत आला. वल्हेकरीही आला. इंग्लंडमध्ये पीटर हेन्री इमर्सन या डॉक्टराने १८८६ मध्ये नॉरफोकच्या पाणथळीतल्या मजुरांचे, गवत लादलेली होडी वल्हवत घरी नेणाऱ्यांचे जे चित्र प्रसिद्ध केले, ते आज छायाचित्रकलेच्या इतिहासात मोडते. मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांचे पेव फुटले. क्लिफ्टनसारख्या कंपन्यांनी मुंबईची दृश्ये हजारोंनी विकली आणि त्यांत बंदरावरच्या होड्याही आल्या. आता वल्ही हवेत थांबलेली दिसतात, पाणी ठिबकताना दिसते. खाली मात्र होडीचा प्रकार आणि शहराचे नाव, बस्स.

खलाशाच्या चेहऱ्याला आणि नावाला एकत्र आणले ते कलेने नव्हे, पोलिसांनी. हे आम्हाला फार उशिरा कळले आणि वाईट वाटले. इंग्लंडमध्ये १९२५ साली एक हुकूम निघाला. काळ्यासावळ्या 'परदेशी' खलाशांनी पोलिसात नोंद करायची, आणि नोंदीच्या दाखल्यावर छायाचित्र लावायचे. हिंदुस्थानातून गेलेले कित्येक खलाशी ब्रिटिश प्रजाजन असूनही कागद नाहीत म्हणून त्यात ओढले गेले. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर डेकवर काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे मुसलमान बरेच असत. अशा माणसाच्या घरी जुने छायाचित्र सापडलेच तर ते बहुधा असे, समोर बघणारे, न हसणारे, कागदाला चिकटवलेले. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला जुनी माणसे नळी म्हणत, कारण तो पत्र्याच्या नळीत घालून सांभाळायचा असे.

आणि मुंबईत मशीद बंदरला खलाशांचे वसतिगृह आहे, तिथे याच्या उलट. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे तिथे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास सहा हजार व्यापारी खलाशांची आणि नौदलातल्या चारशेंवर जणांची नावे एका ग्रंथात लिहिलेली आहेत. तशीच दुसरी प्रत चितगावला आहे. तिथे नाव आहे आणि चेहरा नाही. जॉन्सनच्या पुस्तकात चेहरा आहे आणि नाव नाही.

जॉन्सनला आम्ही इतके बोललो, आता आमचेच ऐका. राजपुरीचे आमचे छायाचित्र आम्ही एका शैक्षणिक मेळाव्यातल्या प्रदर्शनात पाठवले होते. खाली मोठ्या अभिमानाने लिहिले, 'श्रमाचे सौंदर्य'. त्याला बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रावर आमचे पूर्ण नाव, बी.एड. सकट, सुंदर अक्षरात. ते चित्र शाळेत लावले तेव्हा आठवीतला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, ये बीचवाले मेरे अब्बा हैं." आम्ही म्हटले, "वा, छान!" तो थोडा वेळ उभा राहिला. "नाम नहीं लिखा?" आम्ही काहीतरी सांगितले, जागा नव्हती असे. जागा होती. आम्हाला विचारायचे सुचले नव्हते. त्या होडीतून आम्ही निदान वीस वेळा गेलो असू.

त्यानंतर आम्ही वर्ध्याला आलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. कौले, पत्रे, नारळी-पोफळीच्या बागा, सगळे गेले. फोन लागायला बरेच दिवस लागले. लागला तेव्हा त्या मुलाने, आता तो मोठा झाला आहे आणि व्यापारी जहाजावर नोकरीला आहे, सांगितले की सगळे सलामत आहेत, घरावरचे छप्पर नव्याने घालत आहेत, होडी मात्र फुटली. मग म्हणाला, "सर, ती तस्वीर आहे का तुमच्याकडे? होडीची आमच्याकडे एकपण नाही."

आम्ही मोठी प्रत करून घेतली. पाठवण्याआधी त्याला विचारले, कोण कुठे बसले आहे ते एकेक करून सांग. त्याने घरी बापाला विचारून सांगितले. प्रतीच्या मागे आम्ही होडीचे नाव लिहिले, मग उजवीकडून डावीकडे उर्दूत आणि खाली मराठीत माणसांची नावे, वडिलांच्या नावासकट. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या तांडेलाच्या नावापुढे मरहूम लिहावे लागले. आमच्या वर्गातल्या प्रतीच्या खालीही आता तीच पट्टी चिकटवली आहे, आणि सहावीची मुले ती मोठ्याने वाचतात.

नावे चार आहेत आणि माणसे पाच. सगळ्यांत पुढे बसलेला, तोंड आमच्याकडे वळवलेला जो जवान पोरगा आहे, तो त्या हंगामापुरता श्रीवर्धनकडून कामाला आला होता, एवढेच त्याच्या बापाला आठवते. त्याला सगळे 'छोटू' म्हणत. ते काही नाव नव्हे. पट्टीवर तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे, आणि श्रीवर्धनच्या एका शिक्षकमित्राकडे प्रत पाठवून ठेवली आहे.